चष्मा घरी राहिला

लातूरच्या स्टँडवर मी नेहमी शेजारच्या एखाद्या बाईला विचारते, "ही नांदेडच लागली ना हो? चष्मा घरी राहिला." बाई पाटी वाचून सांगते. चष्मा माझ्या पर्समध्येच असतो; त्याचा आता उपयोग नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, नजर कडेकडून आत विझत येते आहे. हे नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कॉलेजात इतिहास शिकवते, तो पाठ आहे. फळ्यावर लिहिणं कधीच सोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अडलं ते नांदेडच्या आमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटपाशी. टाइप केलेलं काहीही माझा फोन मला वाचून दाखवतो. पण आमच्याकडं नोटीस टाइप झाली तरी तशी चढवत नाहीत. आधी प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, मग त्या कागदाचा फोटो चढवायचा, तोही बहुतेक वेळा तिरका. फोटोपुढं फोन मुका होतो. मग मी नवऱ्याला वाचायला लावते आणि त्यानं अडखळत वाचलं की वर त्याच्यावरच चिडते.

स्वभावच तिखट. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा मी झाडलं, की अंध विद्यार्थ्यांनी या नोटिसा काय हुंगून वाचायच्या? विद्यार्थ्यांनी, असं म्हटलं. पुष्कळ शाबासकी मिळाली, आणि थोड्या दिवसांत वेबसाइट सुधारायच्या समितीवर माझंच नाव आलं.

पहिल्या बैठकीला हदगावकडचा एक मुलगा बोलावला होता. पीएच.डी. करतो, डोळ्यांनी पूर्ण अंध. त्यानं लॅपटॉप उघडला. टाइप केलेलं पान यंत्र भराभर वाचत गेलं. मग त्यानं नोटीस उघडली. यंत्र म्हणालं, "चित्र." पुढं काही नाही.

"रूममेट गावाला गेलता, तवा फेलोशिपच्या अर्जाची तारीख अशीच गेली माझी," तो म्हणाला. "आता पुन्हा निघणार हाय म्हणतेत. या खेपेला हुकली तर शिक्षण सोडून गावाकडं जावं लागंल, सर."

"पण शिक्का नसला तर नोटीस खरी कोण मानंल?" अध्यक्ष म्हणाले. संगणक विभागाच्या माणसानं सुचवलं, की फोटो राहू द्या, खाली तोच मजकूर टाइप करून टाकू. त्यावर अध्यक्ष कुरकुरले. "एका पोरासाठी सगळ्या विभागांचं काम वाढवायचं? याला आपण फोन करून सांगत जाऊ." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं. आणखी कुणी आहे का असं?"

आणखी कुणी! एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण परतीच्या बसआधी ती बातमी लातूरच्या स्टाफरूममध्ये पोचली असती, आणि डोळे गेलेल्या बाईला तास कशाला द्यायचे, हे कुणीतरी हळूच विचारलं असतं.

"सध्या तरी नाही," मी म्हणाले.

विषय पुढच्या बैठकीवर गेला. निघताना हजेरीच्या कागदावर सही करायला लागले, तर शिपायानं माझं बोट धरून योग्य जागी नेलं. "चष्मा घरी राहिला," मी म्हणाले, आणि उगाच हसले.

जिन्यात अंधार होता. मी भिंत चाचपत उभी राहिले. मागून काठीची टकटक आली आणि माझ्याजवळ थांबली.

"मॅडम, खांद्यावर हात ठेवा माझ्या. इथल्या पायऱ्या लई वंगाळ हायत."

"अरे, तसं काही नाही, माझा चष्मा..."

"मी बी दहावीपत्तुर चष्माच घरी विसरत होतो," तो शांतपणे म्हणाला.

म्हणजे बैठकीत मी खुर्ची चाचपत बसले, तेव्हाच त्याला कळलं होतं. माझं "सध्या तरी नाही" ऐकूनही तो गप्प बसला होता. त्यानं माझी मूठ झाकली होती, स्वतःची फेलोशिप पणाला लावून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "मॅडम, समितीची नवी नोटीस लागलीय. फोटोच हाय. रूममेटनं मला वाचून दाखविली. तुमाला सांगू का?"

नवरा बाहेर गेला होता. "सांग," मी म्हणाले. अंध असलेला तो मुलगा मला नोटीस सांगत गेला, तारीख, वेळ, कोणती खोली, आणि मी शिक्षिका असून मुकाट ऐकत राहिले. शेवटी त्यानं विचारलं.

"या टायमाला सर पुन्हा इचारतील, किती जण हायत म्हणून. काय सांगू, मॅडम? एक का दोन?"

"दोन," मी ओठांतल्या ओठांत म्हणाले.

जिन्यातलं माझं चाचपडणं ज्याला ऐकू आलं होतं, त्याला हे मात्र ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात, मॅडम?"