पाण्यापासून जपायचं घड्याळ

माझे सासरे पोहायला शिकवतात, तेही सार्वजनिक तलावावर आणि माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीपासून. अंगाला कायम क्लोरिनचा वास, आणि घरात मीठ मागतात तेसुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात. अख्खा तलाव त्यांना ‘सर’ म्हणतो आणि टरकून असतो. घरी ते बाबा.

तलावासमोरच्या इमारतीवर एका महागड्या घड्याळाची जाहिरात असते. खोल समुद्रात एक पाणबुड्या आणि त्याच्या मनगटावर ते घड्याळ. बाबांचा त्या घड्याळावर भारी जीव. “आमचा मुलगा मॅनेजर झाला की मला ते घेणार आहे,” असं ते प्रत्येक नव्या बॅचला ऐकवायचे. थट्टाच ती. पण वर्षानुवर्षं केलेली ती थट्टा माझ्या नवऱ्याला आपणच दिलेल्या शब्दासारखी वाटायला लागली होती.

नवरा ऑफिसचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीत आहे. यंदा तो खरंच मॅनेजर झाला. म्हणजे खुर्चीला हात आले, पगार जागच्या जागी. मोठ्या हौसेनं घड्याळाची किंमत विचारून आला आणि त्या दिवशी जेवलाच नाही. तेवढ्या पैशांत एखादं छोटंसं घर आलं असतं.

मग कुणीतरी त्याला एका जिन्याखालच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे सगळ्या मोठमोठ्या कंपन्यांची घड्याळं मिळतात आणि त्यातलं एकही खरं नसतं. दुकानदार मात्र सरळ माणूस. त्यानं आधीच विचारलं, “दाखवायला हवंय की वापरायला?”

“वडिलांना द्यायचंय.”

“मग घ्या की. फक्त पाण्यापासून जपायला सांगा. हात धुतानासुद्धा काढून ठेवायचं.”

आणि हे ऐकूनही माझ्या नवऱ्यानं ते घेतलं. पोहायला शिकवणाऱ्या बापासाठी. मला सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही, पण मीही मूग गिळून बसले, म्हणून आता फार तोंड चालवायचा मला हक्क नाही.

बाबांनी डबी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला. “वेडा आहेस का रे? एवढं महागाचं?” डोळे भरून आलेले. खरं सांगून टाकायची वेळ ती होती. नवऱ्यानं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, “तुमच्यापेक्षा का जास्त आहे, बाबा?” हे वाक्य आठवलं की तो अजून डोक्याला हात लावतो. नंतर चाचरत म्हणाला, “पाण्यात मात्र नका घालू.”

“अरे, पाण्यासाठीच तर केलंय ते,” बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून नवऱ्याचा जीव टांगणीला. घरी आला की बूट काढायच्या आधी बापाच्या मनगटाकडे बघायचा. बाबा खुशीत होते. चौकीदाराला, शिष्यांना, शिष्यांच्या आयांना घड्याळ दाखवून झालं होतं. जेवताना लेकाचं कौतुक सुरू झालं की लेक ताटात मान घालायचा. अर्धी पोळी तशीच उरायची, मला दिसायचं.

एके दिवशी बाबांचं मनगट रिकामं दिसलं. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाले, “कपाटात ठेवलंय. रोज घालायची वस्तू आहे का ती?” नवऱ्याला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी त्यानं वाढून मागितलं. आणि त्याच आठवड्यात बाबांनी संध्याकाळची बॅच पुन्हा सुरू केली. खांदा दुखतो म्हणून ती त्यांनी सोडली होती. मी विचारलं, तर “घरी बसून काय करू?” म्हणाले.

मग एका सकाळी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. घड्याळ. काचेच्या आत पाण्याचे थेंब, काटे जिथल्या तिथे. ओलावा तांदूळ शोषून घेतील, अशी बाबांची आशा. मी वळले तर ते दारातच उभे.

“त्याला सांगू नकोस, सूनबाई,” इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला भीती वाटली. “बाजूची चावी मीच घट्ट बसवली नसणार, म्हणून पाणी आत गेलं. एवढ्या हौसेनं आणलं पोरानं. बॅचचे पैसे आले की गुपचूप दुरुस्त करून घेतो.”

मी नवऱ्याला सांगितलं. न सांगून करते काय? तो पलंगावर बसला. म्हणाला, “तसलंच दुसरं आणू या का? मीच दुरुस्त करून आणलं म्हणू.”

“तेही बुडवतील.”

“मग तू सांग ना त्यांना.”

“घड्याळ मी नाही दिलं,” मी म्हटलं.

संध्याकाळी तलावावर गेलो. नवऱ्याला एकट्यानं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी बरोबर. पोरं निघून गेली होती. बाबा काठावर बसून खांदा दाबत होते. आम्हाला बघून उठले. नवरा म्हणाला, “बाबा, ते घड्याळ...” बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तू बजावलं होतंस. पोरं म्हणाली, सर, घालून उडी मारा. मला राहवलं नाही. मी देतो दुरुस्त करून. रागावू नकोस.”

ज्यांच्या शिट्टीला सगळा तलाव थरथरतो, ते माझ्या नवऱ्यापुढे हात जोडल्यासारखे उभे होते.

“बाबा, ते डुप्लिकेट होतं,” नवरा म्हणाला. “मला माहीत होतं. पाण्यात चालणार नाही, हे दुकानदारानंही सांगितलं होतं.”

आता आभाळ कोसळणार म्हणून मी एक पाऊल मागे सरले. बाबांनी एवढंच विचारलं,

“म्हणजे माझ्या हातून नाही बिघडलं?”

“नाही, बाबा.”

“चावी मी नीट बसवली होती?”

“हो.”

बाबांनी केवढा मोठा श्वास सोडला. चेहरा असा उजळला की दोन क्षण ते माझ्या नवऱ्याहून लहान दिसले. त्यांनी त्याची पाठ थोपटली. “बरं झालं सांगितलंस, रे. फार लागलं होतं जिवाला.”

दोन शिव्या तरी घालायच्या होत्या त्यांनी. नवरा तिथेच, ऑफिसच्या कपड्यांत, ओल्या फरशीवर खाली बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही.