माशाच्या डोळ्याची पारख

माझी आवडाआत्या ठाण्याच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकत होती. मासा उचलून कल्ले उघडणाऱ्या गिऱ्हाइकाचा तिला भारी राग. "कल्ला काय बघतंस बाय? डोला बघ!" डोळा फुगीर, चकचकीत, तर मासा आजचा, खोल गेलेला, दुधाळ, तर कालचा. लांबूनच सांगायची, आणि कधी चुकली नाही. हीच बाई घरातल्या डोळ्यांना फसली. मला अजून राग येतो, तिचा आणि माझासुद्धा.

तिचा एकुलता एक मुलगा कान्हा सत्याऐंशी साली काविळीने गेला. मागे राहिलं त्याने तळ्यातून आणलेलं कासव, ओट्यावरच्या घमेल्यात. कान्हा त्याला कोळंबीची डोकी, माशाचं काळीज घालायचा. पोर गेलं आणि आत्याच्या नवऱ्याने, गोमाजीकाकांनी, तुळशीची माळ घातली. घरात मासळी बंद झाली. आत्या पाटी बाहेर ठेवून, अंघोळ करून मगच आत पाऊल टाकायची. कासवालाही भात आणि चपातीचे तुकडे. काका म्हणायचे, "कासव देवलात असतं. त्याला कशाला नासकं?"

दोन वर्षांनी कासव डोळे मिटून बसू लागलं. मधूनच पुढच्या पायाने डोळा चोळायचं. "नाम घेतंय," काका म्हणाले. आणि आत्याला ते पटलं! रोज त्याला हात जोडायची. मी कॉलेजात शिकलेली शहाणी, मीही कौतुकाने हसले.

मग पापण्या भिजवलेल्या वाटाण्यासारख्या फुगल्या. खाणं सुटलं. आत्याने गुलाबपाणी घातलं, पण घमेल्यातलं पाणी मात्र आठवड्यातून एकदाच बदलायची. शेवटी मीच भांडून तिला बाजारातून थेट नौपाड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. कासव मी घरून आणून तिच्या रिकाम्या पाटीत ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पापणी हलकेच ओढली. खाली पांढरा घट्ट गोळा.

"खायला काय देता?"

"भात. चपाती."

"डोळ्यांना लागतं ते त्यात नाहीच. पू साचलाय. त्याला दिसत नाही, म्हणून खात नाही. फार उशीर केलात."

त्यांनी इंजेक्शन दिलं, थेंब दिले. कोमट मिठाच्या पाण्याने डोळे पुसा, रोज पाणी बदला, सकाळचं ऊन द्या, पालेभाजी द्या, काळजासकट मासे तोंडापाशी धरा. मग सहज विचारलं, "मासळी मिळेल ना तुम्हाला?"

आत्याच्या मनगटावर खवले चिकटलेले होते. ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली.

काका ऐकेनात. मग आत्याने घमेलं बाजारातच नेलं, मासळी मांडायच्या फळीखाली ठेवलं. गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी कासवाचे डोळे पुसायची, ताजं काळीज त्याच्या तोंडाशी धरायची. "खा रे, कान्हाने दिलाय." ते तोंड उघडत नव्हतं.

बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा आत्या डोळा पुसत होती. कापसाबरोबर अख्खा गोळा निघून आला. आत डोळा शाबूत होता. काळाभोर, चकचकीत.

मी ओरडले, "आत्या, डोळा उघडला!"

आत्याने कासव उचललं. मान सैल लोंबत होती. तिने डोळ्यात नीट बघितलं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"ताजा हाय. आज सकालीच गेलाय."