पाठीवरचं ठिगळ

"ई! कशी राहतात ही माणसं," माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई म्हणाली.

समोर पडद्यावर एका बाईचा फोटो होता. पाठमोरी, उकिडवी बसलेली, धुरात तारा जाळणारी. ती बाई मी होते. मागचीला ते ठाऊक नव्हतं.

लेकीच्या शाळेत पालकांची सभा होती. जुने मोबाईल, चार्जर, कॉम्प्युटर कुठं टाकायचे, हे सांगायला एक साहेब आले होते. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले होते. साहेब सांगत होते ते खरं होतं. तारा जाळल्या की विषारी धूर निघतो, लहान पोरांच्या छातीत बसतो. मी जिवाचा कान करून ऐकत होते. माझा खोकला कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं. मग फोटो आला.

आधी मी ओळखलंच नाही. आपली पाठ आपण कधी बघतो? पण ब्लाउजवर लाल दोऱ्याचं वाकडं ठिगळ होतं. लेकीनं घातलेलं. शाळेत शिवण शिकली, तेव्हा पहिलं ठिगळ माझ्याच ब्लाउजला लावलं होतं तिनं.

"आई, वाकडं झालं की गं."

"आसू दे. पाटीवर कोण बघतंय?"

आता सगळी शाळा बघत होती.

लेक पुढं पोरांसोबत सतरंजीवर बसली होती. तिनं माझ्या आधी ओळखलं असणार. तिची मान खाली गेली. मैत्रिणींना तिनं सांगितलं होतं, आई टॉवेलच्या कारखान्यात जाते. मीच शिकवलं होतं तसं सांगायला.

साहेब म्हणाले, "हे अडाणी लोक आपल्या शहराच्या हवेत विष कालवतात. यांना आधी हुसकावलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. शेजारच्या पोरीनं लेकीकडं बघितलं. मग माझ्या लेकीनंही टाळ्या वाजवल्या.

काळीज फाटलं माझं. तिचा राग नाही आला. दुसरं काय करणार होती ती?

मी पुन्हा फोटोकडं बघितलं. बाईच्या बाजूला कॉम्प्युटरचा रिकामा डबा होता. त्यावर पिवळ्या रंगात नंबर. मी बसले होते त्या खुर्चीवर तसाच पिवळा नंबर, पुढं शाळेची तीच अक्षरं. शाळेनं जुने कॉम्प्युटर भंगारात विकले होते. भंगारवाल्यानं त्यांच्याच तारांची पोती माझ्यापुढं टाकली होती. जाळ, वरचं रबर गेलं की आतलं तांबं दे, म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

गप्प बसले तर लेकीची अब्रू राहत होती. बोलले तर जात होती. तरी उठले.

"त्यो डबा बघा की. पिवळा नंबर. तुमच्याच शाळंचा हाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, खाली बसा. तुम्हाला काय माहीत?"

"ती बाई मीच हाय."

लेकीनं मागं वळून बघितलं नाही.

घरी येताना ती माझ्यापुढं दहा पावलं चालली. मी भरभर चालले की तीही भरभर. घरी आल्यावर तिनं दांडीवरचा माझा तो ब्लाउज काढला, उंबऱ्यावर बसली आणि लाल दोरा एकेक टाका उसवला. ठिगळ चुलीत टाकलं. मी कणीक मळत बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला सांगितलं, आता तार जाळणार नाही. तो हसला. "मग खाशील काय?" न जाळलेली तीन पोती हातगाडीवर घातली, शाळेच्या गेटपाशी नेऊन ठेवली. शिपाई अंगावर धावून आला.

"हे हितं नको!"

"माज्या दारात चालतं व्हय? तुमचं हाय, तुमी ठेवा. सायबानं सांगितलं तसं सरकारमान्य ठिकाणी पाठवा आन् पोचल्याचा कागद मला दाखवा."

लेक वर्गाच्या खिडकीतून बघत होती. माझी नजर गेली तशी बाजूला सरली.

ती अजून माझ्याशी बोलत नाही. उसवलेल्या जागी मी नवं ठिगळ लावलेलं नाही. तोच ब्लाउज घालून रोज शाळेच्या गेटवर जाते आणि कागद मागते. मिळेपर्यंत जाणार आहे. तिनं तोंड फिरवलं तरी जाणार आहे.