चाळीस नाकं आणि एक फडकं

मावशींच्या हातात ग्लास आला की तो आधी नाकाशी जातो, मग डोळ्यांशी. हॉटेलातली बावीस वर्षांची खोड. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेला ग्लास, लाकडी फळीवर पालथा ठेवलेला ग्लास, साबणातून घाईघाईत काढलेला ग्लास, प्रत्येकाचं बिंग त्या हुंगून फोडतात. ग्लासात पुढे जे ओतलं जातं ते मात्र त्यांनी कधी जिभेला लावलेलं नाही. घरी चहाचा कपही हुंगून घेतात. नवरा म्हणतो, "माझ्याशी लग्न करताना हुंगून बघितलं असतंस तर?" मावशी म्हणतात, "नाक तेव्हाही होतं हो, अक्कल नव्हती."

हॉलच्या मागे त्यांची काचखोली. दोन मोऱ्या, वाफेची किटली, खुंट्यांवर उलटे टांगलेले सहाशे ग्लास, आणि हॉलकडे उघडणारी एक खिडकी. या खोलीत मावशींचं राज्य. नव्या मॅनेजरसाहेबांना मात्र तिथे ग्लास पुसायचं मशीन बसवायचं होतं. वाइनवर लिहिणाऱ्या लेखकांचं दोन दिवसांचं संमेलन ठरलं, तेव्हा ते खिडकीत येऊन म्हणाले, "मावशी, चाळीस लेखक येतायत. ग्लासाबद्दल एक तक्रार आली, तर पुढच्या आठवड्यात मशीन. तुम्ही मग चादरींच्या घड्या घालायला."

"घालीन की," मावशी म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून प्रत्येक ग्लास दोनदा हुंगू लागल्या.

नेमकी संमेलनाच्या सकाळी त्यांना सर्दी झाली. नाक असं चोंदलं की किटलीची वाफ ओढूनही काही उपयोग होईना. पण सांगायचं कुणाला? ज्या नाकावर खोली टिकून होती तेच बंद, हे साहेबांना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत मशीन दारात. मावशींनी धुलाईहून आलेली स्वच्छ पांढरी फडकी घेतली आणि दोनशे चाळीस ग्लास लख्ख पुसून दिले. न हुंगता. आयुष्यात पहिल्यांदाच.

हॉलमध्ये लेखक बसले. एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, वहीत लिहायचं. मावशींनी हे घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "एवढ्या लांबून थुंकायला येतात?"

संमेलनाचे अध्यक्ष दाढीवाले. त्यांनी पहिल्या वाइनचा वास घेऊन डोळे मिटले. "फुलं," ते म्हणाले. "जांभळी. पहाटेची." चाळीस पेनं खरखरली. दुसऱ्या वाइनमध्येही फुलं निघाली. पाचवीतही. सहाव्या वाइनला एक चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "ही लाल आहे, हिच्यात फुलं कशी?" दाढीवाल्यांनी त्यांच्याकडे अशा दयेने पाहिलं की बाईंनाही लगेच फुलं सापडली.

"यंदा द्राक्षमळ्यांच्या डोंगराचा अख्खा उतार फुललाय," दाढीवाल्यांनी जाहीर केलं आणि दुपारीच तसा लेख पाठवून दिला. शेफना बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशीच्या जेवणात वाइनला शोभणारं काहीतरी हवं, फुलांचं. शेफ काचखोलीत येऊन चरफडले, "मासा ठरला होता माझा. आता काय गुच्छ तळू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचं नाक उघडलं. खोलीत पाऊल टाकलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. फुलं. जांभळी. पहाटेची. वास होता फडक्यांच्या चळतीतून. साहेबांनी धुलाईवाला बदलला होता, आणि नवा धुलाईवाला फडक्यांना चादरींसारखं वासाचं कंडिशनर घालत होता.

मावशींनी दार लावून घेतलं, सगळे ग्लास कढत पाण्यातून काढले, वाफ दिली, आणि फडकं न लावता खुंट्यांवर निथळत ठेवले.

आदल्या दिवशीचं मत पक्कं करायला लेखक पुन्हा त्याच वाइनला बसले. दाढीवाल्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. नाक ग्लासात इतकं खुपसलं की दाढी भिजली.

"बाटली बिघडलीय," ते म्हणाले. दुसरी फोडली, तीही बिघडलेली. चष्मेवाल्या बाई खाली बघून हळूच म्हणाल्या, "उतार रातोरात सुकला वाटतं."

दाढीवाले उठले ते थेट काचखोलीत. मागोमाग घाबरेघुबरे मॅनेजरसाहेब. "ग्लास कशाने धुतले?"

मावशींच्या डोळ्यांसमोर चादरींच्या घड्या आल्या. पण थापा मारायची सवय नव्हती. त्यांनी चळतीतलं वरचं फडकं उचलून दाढीवाल्यांपुढे धरलं. त्यांनी वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून पहाट मावळली.

"माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. "काल न हुंगता पुसले. माझं नाक बंद होतं." मग अगदी साधेपणाने विचारलं, "तुमचं उघडं होतं ना, साहेब?"

मॅनेजरसाहेबांनी छताकडे पाहिलं. धुलाईवाला कुणी बदलला, हे त्यांनाही आठवलं असावं.

"लेख छापून आलाय," दाढीवाले पुटपुटले. "हे फडकं कुणाकुणाला दाखवलंत?"

"तुम्हालाच. पण मशीनच्या भानगडीत मला चौकशीला उभं केलं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मला काटछाट करून सांगता येत नाही."

"कसलं मशीन?" दाढीवाल्यांनी मॅनेजरकडे वळून विचारलं. "काच हातानेच पुसायची असते. मी लिहिणार आहे तसं."

"मशीनचं अजून कुठे काय ठरलंय," मॅनेजरसाहेब म्हणाले.

दाढीवाले हॉलमध्ये परतले, घसा साफ केला. "मित्रहो, ही वाइन लाजाळू आहे. काल उमलली, आज मिटली. असं भाग्य क्वचितच लाभतं." चाळीस पेनं पुन्हा खरखरली. खिडकीआड मावशींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

संध्याकाळी शेफ फुलं घातलेलं सूप आणि फुलं खोचलेली कोंबडी वाढून आले. लेखकांनी मान खाली घालून सगळं संपवलं. रिकाम्या बश्या बघून शेफ काचखोलीत आले, स्टूल ओढून बसले.

"मावशी, तुमचं नाक मोठं. खरं सांगा, त्या वाइनमध्ये फुलं होती का हो?"

"मला काय विचारता," मावशी म्हणाल्या आणि वासाची फडकी गाठोड्यात बांधून गाठ आवळली. "मी ग्लास पुसणारी. आणि अजून बरीच वर्षं पुसणार आहे."