अनाउन्सरबाईंची बटणं

भोंगेकाकांच्या घरी खोकं आलं की पुढचा संवाद ठरलेला असायचा. कुरियरवाला जिना उतरायच्या आत आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "आलं का भंगाराला भावंड?" आणि काका खोकं पाठीमागे लपवत म्हणायचे, "अगं, हे तसलं नाही. हे कामाचं आहे."

कामाचं ते काही दिवस टेबलावर मिरवायचं आणि मग कपाटाच्या खालच्या खणात जायचं. तळहाताएवढा प्रिंटर, मनगटावर बांधायचा कॅमेरा, उन्हावर चालणारा पण ऊन असलं की पडदाच न दिसणारा रेडिओ, सगळे तिथे सुखाने नांदत होते. लेकीने त्या खणाला 'वृद्धाश्रम' असं नाव ठेवलं होतं, कारण तिथे गेलेलं कुणी परत यायचं नाही.

या वेळी खोकं आलं, काकांनी सवयीने ते पाठीमागे धरलं आणि उत्तर तयार ठेवून उभे राहिले. आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. काकू दारात आल्या, त्यांनी खोक्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत परत आत गेल्या. काकांना एकदम रडूच यायला लागलं. टोमणा बसला नाही म्हणून रडू आलेला नवरा जगात दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

काकूंचा आवाज गेला होता. घसा बसतो तसा नाही, कायमचा. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, त्याबद्दल सगळ्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण आवाज जायचा तर जावा कुणाचा? काकू बस स्टँडवरच्या अनाउन्सर होत्या. सगळं गाव त्यांना तोंडावरून नाही, आवाजावरून ओळखायचं. दुकानात त्यांनी नुसतं "साबण द्या" म्हटलं तरी मागचा माणूस दचकून आपली बॅग सांभाळायचा.

काका त्याच स्टँडवरचे भोंगे, म्हणजे लाऊडस्पीकर, दुरुस्त करायचे, म्हणून भोंगेकाका. अनाउन्सरबाईंचा माइक खरखरतो अशी तक्रार आली म्हणून ते पहिल्यांदा गेले. मग खरखर पुन्हा पुन्हा होऊ लागली. वायर नेमकी कोण ढिली ठेवतंय ते बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदाच काय ते विचारा आणि वायर घट्ट करा." तेव्हापासून घरात बोलण्याचं खातं बाईंकडे आणि ऐकण्याचं काकांकडे.

ऑपरेशननंतर सगळ्यांनी सल्ले दिले. पाटी आणली. काकूंनी थोडे दिवस लिहून पाहिलं. पण टोमणा गरमागरम वाढायचा पदार्थ आहे. तो पाटीवर उतरेपर्यंत समोरचा पाणी पिऊन यायचा. मोबाइलवर टाइप करायचं म्हटलं तर काकूंच्या बोटाखाली भलतंच अक्षर उमटायचं आणि फोन स्वतःच्या मनाने पुढचा शब्द सुचवायचा. आयुष्यभर ज्यांनी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, त्यांना हे कसं सोसावं? त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली, मोबाइल पालथा ठेवला आणि सगळ्याच गोष्टींना मान डोलवायला लागल्या. भाजी अळणी आहे? मान. पंखा लावू? मान.

सगळ्यात वाईट म्हणजे रविवार. दुसऱ्या शहरातून लेकीचा फोन यायचा. "बाबा, आईला दे ना. नुसती समोर बसू दे." काका आत बघायचे. काकू हातानेच 'नको' म्हणायच्या. "झोपली आहे गं," काका म्हणायचे. लेक काही लहान नव्हती. "बरं," म्हणायची आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची. त्यानंतर काकू बराच वेळ खिडकीपाशी उभ्या असायच्या. त्या पुन्हा लेकीशी बोलाव्यात, एवढी एकच गोष्ट काकांना या जगाकडून हवी होती.

ते यंत्र आपण काकूंसाठीच मागवलं, असं काका आता छातीठोक सांगतात. साफ खोटं आहे. त्यांनी चित्र पाहिलं आणि पाघळले. करड्या रंगाचा, कडा गोल केलेला, हातात मावणारा कॉम्प्युटर. वर बोटभर पडदा, काळ्यावर नारिंगी अक्षरं. खाली खरीखुरी बटणं, दाबली की टक् वाजणारी. बाजूला चाक, फिरवलं की आवाज कमीजास्त. दिसायला चाळीस वर्षांपूर्वीचं आणि आत आजचं लिनक्स, म्हणजे ज्यात चित्रांवर टिचकी मारत बसायचं नाही, हुकूम लिहायचा आणि यंत्राने मुकाट ऐकायचं. घरात ज्याला कधी हुकूम सोडता आला नाही त्याला याची भुरळ नाही पडणार तर कशाची?

लेकीने फोनवर विचारलंच, "बाबा, हे खरंच घेण्यासारखं आहे का? मोबाइलवर होत नाही असं काय होतं त्यात?"

"बटणं आहेत," काका म्हणाले. स्वतःलाच ते उत्तर लंगडं वाटलं.

यंत्र सुटं सुटं आलं होतं. काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्यावर चष्मा चढवला आणि जोडायला बसले. स्क्रू दिसेना, मग सापडला तो बनियनला चिकटलेला. शेवटचं झाकण बसलं, खटका ओढला आणि पडदाभर नारिंगी ओळी धो धो उतरल्या. काका उठून उभेच राहिले. "अगं, लागलं! लागलं!" काकू धावत आल्या, कारण त्यांना वाटलं काकांना काहीतरी लागलं. बोट शाबूत आहे हे पाहून परत गेल्या. पण दारात क्षणभर थांबल्या, हे काकांनी पाहिलं.

तिथे त्यांच्या डोक्यात वीज चमकली. लिनक्समध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारा तयार आवाज मिळतो. तो त्यांनी बसवला, नाचतच स्वयंपाकघरात गेले आणि यंत्र काकूंपुढे धरलं. "लिही! काय वाट्टेल ते लिही! हे बोलेल!"

काकूंनी एकेक बटण दाबत लिहिलं. यंत्राने ते वाचलं. नाकात बोलणारा कुणी पुरुष, धड रागावलेला नाही की हसरा नाही, 'चहा घेणार का' हे पंचनामा वाचावा तसं म्हणाला. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. स्वतःच्या शब्दांना परक्या माणसाचा आवाज आला होता. त्यांनी यंत्र बंद केलं, शांतपणे जाऊन खालचा खण उघडला, ते आत ठेवलं आणि खण लावून टाकला. एवढी घोर चूक आपल्या हातून कशी झाली, या विचाराने काका जेवले नाहीत. आयुष्यभर आवाजाचं काम केलेल्या माणसाला आवाज कुणाचा, हाच प्रश्न पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र सोडवून आणायला वृद्धाश्रमात हात घातला. प्रिंटर बाजूला केला, रेडिओ बाजूला केला आणि तळाशी बोटांना एक जड चौकोनी वस्तू लागली. जुनी हार्ड डिस्क. तिच्यावर चिकटपट्टी, त्यावर त्यांच्याच अक्षरात एकच शब्द: स्टँड.

काका जमिनीवर बसलेच.

झालं असं होतं. एके काळी स्टँडवर नवी पद्धत आली. दिवसभर माइकवर ओरडण्याऐवजी अनाउन्सरने सगळे तुकडे एकदाच रेकॉर्ड करायचे आणि मग बटणं दाबून वाक्यं जुळवायची. ते रेकॉर्डिंग काकांनी केलं होतं, स्टँडच्या गोदामात, भिंतींना गाद्या टेकवून. काकूंनी गावांची नावं म्हटली, आकडे म्हटले, 'येत आहे', 'सुटत आहे', 'उशिराने', 'रद्द', सगळं सुटं सुटं. पुढे वर्षानुवर्षं काकू त्या बटणांच्या फळीवर बोटं ठेवून बसायच्या, नजर खिडकीबाहेर गाड्यांवर, आणि फळीकडे न बघता अख्खी वाक्यं बाहेर काढायच्या. लेक शाळेतून येऊन त्याच खोलीत अभ्यास करायची. मग स्टँडवर दिव्यांच्या अक्षरांचा फलक लागला, फळी मोडीत निघाली आणि तो आवाज गावातून गेला. काकांनी मात्र मूळ रेकॉर्डिंग फेकलं नव्हतं, कारण काका काहीच फेकत नाहीत.

डिस्क चालेल का? तिने आधी खुडखुड केली, मग घरघर केली. काकांनी देवाचं नाव घेतलं, मग शिवी दिली, आणि दोहोंपैकी कशाने तरी ती सुरू झाली. कानाला हेडफोन लावून त्यांनी पहिला तुकडा ऐकला. बायकोचा आवाज, तरुण, खणखणीत, "फलाट क्रमांक." त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्याच वेळी ते हसतही होते. एकेका बटणाला एकेक तुकडा बांधायचा, दोन ओळींचा हुकूम. चहा गार झाला, दुसरा झाला, तोही गार झाला.

काकू धुणं वाळत घालत होत्या. काकांनी मागे उभं राहून बटण दाबलं.

टिंग-टाँग.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

काकूंच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. त्या वळल्या. एक हात आपोआप गळ्याशी गेला होता. काकांना वाटलं, संपलं, पुन्हा चुकलो. तेवढ्यात काकूंनी यंत्र त्यांच्या हातातून खसकन ओढून घेतलं. पहिलं बटण. दुसरं. मग नाराजीने मान हलवली, बोटाने हवेत रांगा आखून दाखवल्या. काकांना उमजलं: बटणांचा क्रम चुकीचा होता. जुन्या फळीवर 'कृपया' डावीकडे होतं.

"लावतो! आत्ता लावतो!" काका म्हणाले. त्यांचा इतका आनंदी होकार त्या घरात कधी ऐकू आला नव्हता. सुरुवातीची ती टिंग-टाँग काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकूंनी असं पाहिलं की पुन्हा तो विषय निघाला नाही. टिंग-टाँगशिवाय कुणी ऐकतं का?

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगावं! शब्द सगळे स्टँडवरचे, पण काकूंना तेवढे पुष्कळ होते. काकांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला की टिंग-टाँग: "बेवारस वस्तू आढळल्यास त्वरित संपर्क साधावा." नणंदेने डबा पाठवला की टिंग-टाँग: "अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ घेऊ नयेत." काका जेवायला लगेच उठले नाहीत तर "गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." यंत्र कमरेला, नजर भलतीकडे, आणि बोट बरोबर बटणावर. टोमणा पुन्हा गरमागरम मिळू लागला. काका दिवसातून दहा वेळा बोलणी खाऊन धष्टपुष्ट झाले.

शेजारचे बँकवाले सगळं ऐकून विचारायला आले. "काका, मीही घ्यावं म्हणतो. घेण्यासारखं आहे का हो?"

"मुळीच घेऊ नका," काका म्हणाले. "बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, अक्षरं मुंगीएवढी, मनात आलं की रुसून बसतं. हौस असेल तर घ्या, पण काम होईल म्हणून घेऊ नका."

"मग तुम्ही कसं घेतलंत?"

"माझं काय, मला वेड आहे. शिवाय बायकोला बटणं सवयीची आहेत."

रविवार आला. फोन वाजला तेव्हा काकू आत होत्या. काकांनी मुद्दाम काही सांगितलं नाही, पण स्पीकर लावला आणि आवाज जरा मोठाच ठेवला.

"काय बाबा, ते खेळणं गेलं का वृद्धाश्रमात?" लेकीने विचारलं. आणि मग हळूच, "आई झोपलीय का?"

काकांनी तोंड उघडलं. दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. यंत्र हातात होतं. त्या पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि खिडकीकडे बघू लागल्या, जशा पूर्वी गाड्यांकडे बघायच्या. बोटं बटणांवर टेकवली.

टिंग-टाँग.



"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गाडी उशिराने येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"आई?" लेक म्हणाली. हुंदका ऐकू आला, मग हसू, मग दोन्ही. "आई गं! अगं, मी त्या टेबलाखाली बसून पाढे पाठ करायची! अजून बोल ना. काहीही बोल."

सबंध संसारात काकूंनी कधी कुणापुढे दिलगिरी व्यक्त केली नव्हती. काका हे सगळं डोळे विस्फारून बघत होते. एकदा फोनजवळ, एकदा यंत्रापाशी, बॅटरी पुरेल ना म्हणून मध्येच वाकून. "हे सगळं मीच केलं गं, ती जुनी डिस्क आधी चालेचना, मग..." असं काहीतरी ते सांगायला लागले.

काकूंनी खिडकीवरची नजर न हलवता एक बटण दाबलं.

टिंग-टाँग. "फलाटावर विनाकारण गर्दी करू नये."

"जातो, जातो!" काका म्हणाले, बाहेर गॅलरीत गेले आणि मायलेकींना बोलता यावं म्हणून मागे दार ओढून घेतलं.