काट्यांचा डबा

वडगावात अण्णाच्या सायकल दुकानाला लागूनच यंत्रमाग आहेत, म्हणून तो कानात सांगायची गोष्टही ओरडूनच सांगतो. हात मात्र सावकाश चालतात. पंक्चर काढताना सापडलेला काटा तो कधी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात टाकतो.

गुंजीच्या वाटेवर माझी ट्यूब दोनदा गेली आणि सायकल ढकलत स्टेशन गाठावं लागलं, तेव्हा मी ठरवलं, आता ट्यूबलेसच. दुकानात त्यानं रिमला टेप लावून पंप मारला, पण टायर रिमला धरेना.

"अण्णा, राहू द्या. ट्यूबच घाला."

"गप बस रं!"

त्यानं सगळं उतरवलं, टेप नव्यानं ताणून लावली. तिसऱ्या खेपेला टायर फट्दिशी बसला. मग त्यानं व्हॉल्व्हमधून भोक बुजवणारं पांढरं रसायन आत सोडलं. मागचंही चाक तसंच झालं. मी निघायला हँडल धरलं, तर त्यानं डबा उघडला, बाभळीचा लांब काटा निवडला आणि माझ्या नव्या टायरात खुपसून उपसला.

"अण्णा!"

"वाटंत टोचल्यापरास हितं माझ्यासमोर टोचल्यालं बरं न्हाय व्हय?"

हवा फुसफुसली, पांढरे थेंब उडाले. हळूहळू भोक बुजलं. त्यानं टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, काटा पँटला पुसला आणि मागच्या चाकाकडे वळला.

या वेळी चाक मी धरलं.