ताईच्या अंगात आलं तेव्हा

मी पायाळू जन्मले. म्हणजे डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या पाठीत चमक भरली की तो आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला टाचेने तीनदा हलकेच लाथ लावायची. पोस्टातले बाबू येत, केळीचे व्यापारी येत. बऱ्याच जणांना बरंही वाटायचं. पण ढग गडगडले की शेजारच्या बायका मला दाराशी उभं राहू देत नसत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. चौदाव्या वर्षी मला एवढं कळलं होतं की लोक माझ्या पायांना मानतात, पण माझा त्यांना भरवसा वाटत नाही.

माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. त्यांना हा प्रकार आवडत नसे, पण त्या वर्षी त्यांच्या डोक्यात वेगळीच धास्ती होती. नवी राज्यं होणार, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार, असं बोललं जात होतं. मराठी शाळांचं पुढे काय, हे कुणी सांगत नव्हतं. घरी कुणी पाहुणा आला की तो कुठल्या बाजूचा, याचा अंदाज घेऊनच वडील तोंड उघडत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहादरपूरहून मावशीच्या यजमानांचा निरोप आला. मी त्यांना काका म्हणायची. त्यांना केळीच्या मळ्यात नवी विहीर खणायची होती आणि जागा दाखवायला पायाळू हवी होती; पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणे. आई मला घेऊन निघाली.

काका फार संशयी माणूस. गडी म्हणाला पाणी दिलं, तर हे स्वतः जाऊन वाफ्यात बोट घालून बघणार. त्यांनी मला अनवाणी मळाभर फिरवलं. वैशाखाची जमीन तापलेली होती, पाय पोळत होते. मी एका निंबाच्या सावलीत थांबले. गड्यांनी लगेच तिथे खुंटी ठोकली. त्याच जागी पुढे पाणी लागलं, हे खरं. पण त्या दिवशी काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सावली पाहून थांबली ना तू? मी पाहिलं."

मी मान खाली घातली.

"राहू दे. विहिरीचं नंतर पाहू. तुले दुसऱ्या कामासाठी बोलावलं."

ते काम म्हणजे त्यांची मुलगी, माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणायची. सोळा वर्षांची. रोज पायी शहरातल्या शाळेत यायची, मॅट्रिकला एक वर्ष उरलं होतं. तिचं लग्न रावेरकडच्या मुलाशी ठरत आलं होतं. रावेर मुंबई राज्यातलं, आम्ही इकडचे. हद्द आधीही होती, पण कुणाला ती जाणवत नसे. आता नव्या रेषा पक्क्या झाल्या तर सोयरीक अवघड होईल, असं काकांनी मनात घेतलं होतं, म्हणून त्यांना लग्न याच ज्येष्ठात उरकायचं होतं. रावेरकडून होकार आला आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळच्या आरतीत ताईच्या अंगात देवी आली. देवी म्हणाली, "औंदा या पोरीले घराबाहेर काढू नका." मग दर मंगळवारी येऊ लागली. गावातल्या बायका ओटी घेऊन येऊ लागल्या.

"होकार आला अन् देवी आली," काका मला म्हणाले. "मधी चार दिवस गेले फक्त. तू पायाळू आहे, तुले दिसतं म्हणतात. देवी आहे का पोरगी आहे, पाहून सांग."

मला काही दिसत नव्हतं. पण मी पाहू लागले. मंगळवारी आरती सुरू व्हायच्या आधी ताईने वेणीतली पिन काढून कोनाड्यात ठेवली. घुमताना ती समईच्या अगदी जवळ जायची, पण पदर एकदाही ज्योतीकडे गेला नाही. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांतली एकही फुटली नाही. मी हे सगळं मनात साठवत गेले आणि कुणाला सांगितलं नाही.

दुपारी मळ्यात ताईने मला गाठलं.

"सकाळपासून माह्याकडं काय पाहून राहिली तू?"

"काही नाही."

"बाबांनी सांगितलं ना?"

ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "तुह्या पायात खरंच काही आहे का? सच सांग."

"नाही," मी म्हणाले. आजवर कुणालाही मी हे सांगितलं नव्हतं. "काहीच नाही. लोक म्हणतात म्हणून मी लाथ मारते. आणि तुझ्या अंगात?"

तिने केळीच्या वाळल्या पानाची एक पट्टी फाडली, मग दुसरी. "मले मॅट्रिकले बसायचं आहे," ती म्हणाली. "बाकी मले मालूम नाही. कधी मी असते, कधी नसते."

मी मोकळेपणाने खरं सांगितलं आणि तिने अर्धंच उत्तर दिलं, याचा मला राग आला. ती माझ्यापासूनही लपवते आहे, असं वाटलं.

पुढच्या सोमवारी काकांनी मला गोठ्यात नेलं. त्यांच्या हातात त्यांच्या वारलेल्या आईचं चांदीचं कडं होतं. खुंटीवर जुनी कोरडी पडलेली चामड्याची मोट टांगलेली होती. तिच्यात त्यांनी ते कडं टाकलं.

"उद्या देवीले विचारतो कडं कुठं आहे. खरी असली तर सांगन. हे तुले मालूम अन् मले मालूम. तिसऱ्याले मालूम झालं, तर ते तुह्यापासूनच झालं."

त्यांनी मला साक्षीला घेतलं होतं की अडकवलं होतं, हे मला त्या वयात नीट समजलं नाही. दिवसभर ते माझ्यावर नजर ठेवून होते. संध्याकाळी मी आणि ताई धुण्याच्या दगडापाशी एकट्या सापडलो. ती हंडा घासत होती. मी सांगू शकले असते. काका लांब, गोठ्याच्या दारात होते, त्यांना ऐकू गेलं नसतं. मी बोलले नाही. भीती होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. ती खोटी आहे की खरी, हे मलाही बघायचं होतं. आजही ती संध्याकाळ आठवली की मला स्वतःचा राग येतो.

मंगळवारी आरतीला अंगण भरलं होतं. ताई घुमू लागली. काकांनी हात जोडून विचारलं, "माय, माह्या आईचं कडं हरवलं. कुठं आहे सांग."

ताई घुमायची थांबली. क्षणभर तिचा चेहरा कोरा पडला. मग ती उठली, केस मोकळे तसेच, अंगणातून सरळ गोठ्यात गेली. मोटेत हात घातला, कडं काढलं आणि काकांच्या पायांपाशी ठेवलं. बायकांनी जमिनीवर डोकी टेकली. काकांनी मात्र कड्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

लोक गेल्यावर त्यांनी विचारलं, "तूच सांगितलं ना?"

"नाही काका. देवाशप्पथ."

"मग कोणी?"

आई मधे पडली, "ती खोटं बोलत नाही." काकांनी पायात वहाणा घातल्या आणि मळ्याकडे निघून गेले. सगळ्या गावासमोर देवी खरी ठरली होती, आता त्यांना माघार घेता येत नव्हती. रावेरला नकार गेला.

ताई मॅट्रिकला बसली. नव्या राज्यात कारभार हिंदीत गेला तसं तिनेही हिंदी पक्की केली आणि चांदनी गावच्या शाळेत मास्तरीण झाली. लग्न तिने तिशीच्या जवळ येऊन केलं, स्वतः बघून. देवी त्या वर्षानंतर आली नाही.

कडं लपवलं त्या सकाळी गोठ्याच्या भिंतीपलीकडे मावशी गहू पाखडत होती, हे मला फार उशिरा आठवलं. सुपाचा आवाज येत होता आणि मधेच तो थांबला होता. मी मावशीला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "मले काय मालूम? मी तर तूच सांगितलं असं समजत होते." पण हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

ताईलाही विचारलं. तेव्हा ती निवृत्त झाली होती. ती म्हणाली, "मले फक्त एवढं आठवतं की मी उठले. मोटेपाशी कशी गेले, ते मी आईले कधी विचारलं नाही. तू पण आता नको विचारू."

काका शेवटपर्यंत माझ्याशी नीट वागले. दर मोसमात घरी केळी पाठवत, माझ्या मुलांची चौकशी करत. पण कुठलीही महत्त्वाची गोष्ट त्यांनी पुन्हा माझ्यासमोर काढली नाही. मी खोलीत आले की ते बोलायचे थांबत.